बारा वाजून सात मिनिटं, दोन पुस्तकांत

घोट्याचं हाड मोडलं आणि सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये. पहिला आठवडा फोन बघण्यात गेला, दुसऱ्यात फोनचाही वीट आला, आणि तेवढ्यात भाचा पुस्तकांची पिशवी घेऊन हजर झाला. वय वर्षं सोळा. "आत्या, तू कायम म्हणतेस ना वाचायला वेळ मिळत नाही? घे आता." पिशवीत बहुतेक त्याच्या वयाच्या मुलांसाठीची पुस्तकं होती, ज्यांना हल्ली सरसकट यंग अडल्ट म्हणतात. बदल्यात माझ्या कपाटातली तीन मोठ्यांची पुस्तकं त्याने नेली. अट एकच: पूर्ण वाचायचं, नाहीतर कुठे सोडलं ते खरं सांगायचं. आणि दहापैकी गुण मार्करने माझ्या प्लास्टरवर लिहायचे. ही कल्पना अर्थात त्याची.

त्याला पानाचा कोपरा दुमडायची घाणेरडी सवय आहे. मी खुणेसाठी बसचं तिकीटही चालवून घेते, पण दुमडलेलं पान बघवत नाही. या वेळी मात्र तक्रार करता करता त्या दुमडलेल्या कोपऱ्यांचीच वाट बघू लागले. हा मुलगा कुठे थांबला असेल, ते त्यावरून कळायचं.

सुरुवात मार्क हॅडनच्या 'द क्युरियस इन्सिडेन्ट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम'ने केली, कारण ते आधी एकदा वाचलेलं होतं आणि औषधांच्या गुंगीत ओळखीचं काहीतरी बरं असतं. हे पुस्तक 2003 साली आलं तेच दोन वेषांत, एक मुलांसाठी आणि एक मोठ्यांसाठी. आत मजकूर एकच. त्याच वर्षी त्याला मुलांच्या पुस्तकांसाठीचा, गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्राचा पुरस्कार मिळाला आणि बुकरच्या लांब यादीतही ते होतं. मी पूर्वी वाचली ती मोठ्यांची आवृत्ती, भाच्याची मुलांची.

गोष्ट सांगणारा ख्रिस्तोफर पंधरा वर्षांचा. गणितात अफाट, पण समोरच्याच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही ओळखता येत नाही. शेजारणीचा कुत्रा कुणीतरी बागकामाच्या काट्याने भोसकून मारलाय आणि याने तपास हाती घेतलाय. प्रकरणांचे क्रमांक दोन, तीन, पाच, सात असे फक्त मूळ संख्यांचे. सलग चार लाल गाड्या दिसल्या की दिवस चांगला, चार पिवळ्या दिसल्या की काळा. भाच्याचं मत: "मस्त डिटेक्टिव्ह आहे, पण मधेच फॅमिली ड्रामा होतो." माझं बरोबर उलटं झालं. कुत्रा कुणी मारला यात मला या वेळी काडीचा रस नव्हता. मी त्या बापाकडे बघत होते. दमून घरी येणारा, मुलाच्या ताटात एका पदार्थाला दुसरा लागू नये म्हणून जपणारा, आणि मधूनच ज्याचा तोल जातो असा बाप. ख्रिस्तोफर त्याच्याबद्दल जे सांगतो त्याचा अर्थ ख्रिस्तोफरलाच माहीत नसतो. आपल्याला असतो, आणि तो माहीत असल्याचा त्रास होतो.

लंडनला पोचल्यावर स्टेशनवरच्या सगळ्या पाट्या एकदम अंगावर येतात तो भाग अजून तसाच ताजा आहे. पानावर अक्षरांचा नुसता चिखल. गोंगाट शब्दांत मांडलेला मी वाचलाय, पण गोंगाट असा डोळ्यांनी ऐकायला क्वचित मिळतो. शेवट मला थोडा घाईचा वाटला. प्लास्टरवर माझे आठ, त्याचे सात.

या पुस्तकाचं पहिलं वाक्य वेळ सांगतं: मध्यरात्र उलटून सात मिनिटं झालेली. पुढचं पुस्तक उघडलं, पॅट्रिक नेसचं 'अ मॉन्स्टर कॉल्स', तर तिथेही राक्षस येतो तो रात्री बारा वाजून सात मिनिटांनी. मी आनंदाने भाच्याला मेसेज केला. उत्तर आलं: "झोप आत्या." मी घड्याळ बघितलं. पावणेएक वाजला होता.

'अ मॉन्स्टर कॉल्स'बद्दल जरा सविस्तर लिहायचंय, कारण या सगळ्या ढिगातलं तेच मला हलवून गेलं. मूळ कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. ती 2007 मध्ये कॅन्सरने गेली आणि तिच्या टिपणांवरून नेसने 2011 मध्ये हे पुस्तक पुरं केलं. जिम केची काळ्या शाईची चित्रं समासातून सांडत मजकुरात शिरतात. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधली मुलांच्या पुस्तकांसाठीची, लेखनासाठीचं कार्नेगी आणि चित्रांसाठीचं ग्रीनवे ही दोन्ही पदकं या एकाच पुस्तकाला मिळाली, आणि तसं तोवर कधी झालं नव्हतं. मजकुराला आणि चित्रांना वेगवेगळे गुण द्यायला बसले असते तर मलाही जमलं नसतं.

कॉनर तेरा वर्षांचा. आई आजारी आहे, बाप अमेरिकेत दुसरा संसार थाटून बसलाय, आणि आजीशी याचं मेतकूट कधी जमलेलंच नाही. खिडकीबाहेरचं यू नावाचं झाड रात्री राक्षस होऊन येतं आणि म्हणतं, मी तीन गोष्टी सांगणार, चौथी तू सांगायची. इथे मी मनाची तयारी केली होती. तीन गोष्टी, प्रत्येकीत एक धडा, शेवटी मुलगा शहाणा. पण राक्षसाच्या गोष्टी भलत्याच वाकड्या निघाल्या. जिला आपण दुष्ट धरून चालतो तिच्या हातून तो गुन्हा घडलेला नसतो, आणि ज्याची बाजू घेतो त्याचे हात बरबटलेले असतात. कॉनर वैतागतो, विचारतो की मग यातून घ्यायचं काय. राक्षस त्याला हातात काही देत नाही.

दुमडलेला कोपरा होता तो आजी आपल्या बैठकीच्या खोलीत येते त्या पानावर. कॉनरने त्या खोलीतलं सगळं फोडून ठेवलेलं असतं. आता हा मार खाणार म्हणून आपण श्वास धरून बसतो, आणि कुणीच त्याला शिक्षा करत नाही. बाप रागावत नाही, शाळेतही नंतर तेच. सगळे त्याला समजून घेतात, आणि त्या समजून घेण्यानेच मुलगा एकटा पडत जातो. एरवी मोठ्यांच्या कादंबरीत दुःखी माणसाला कुणी समजून घेत नाही म्हणून तो कोसळतो. इथे उलटा मामला आहे आणि तो जास्त खरा वाटला. भाच्याने नेमकं तेच पान का दुमडलं, ते मी विचारलं नाही. त्याचे दहा. माझेही दहा, पण माझे लिहिताना मार्कर वाळलाय असं सांगून मी थोडा वेळ घेतला.

तिसऱ्या आठवड्यात रिकामं डोकं, त्यामुळे मी एक सिद्धांत काढला. मुलांच्या पुस्तकात बोलणारा घटनेच्या आत उभा असतो, उद्या काय होणार ते त्याला माहीत नसतं. मोठ्यांच्या पुस्तकात बोलणारा सगळं होऊन गेल्यावर मागे वळून बोलतो. मी तो भाच्याला ऐकवला. त्याने मान डोलावली आणि मार्कस झुसॅकचं 'द बुक थीफ' माझ्या मांडीवर ठेवलं.

त्यात गोष्ट सांगतो साक्षात मृत्यू. सगळं घडून गेल्यावर. रूडी या पोराचं पुढे काय होणार हेही तो आधीच सांगून मोकळा होतो. म्हणजे माझ्या हिशेबाने पुस्तक मोठ्यांचं. ऑस्ट्रेलियात 2005 मध्ये ते मोठ्यांचं म्हणूनच आलं, आणि अमेरिकेत त्याच पुस्तकाला यंग अडल्टच्या फळीवर बसवलं. सिद्धांत तिथेच लंगडायला लागला, माझ्यासारखाच.

पुस्तक मात्र माझ्या डोक्यावर बसलं. नाझी जर्मनी, पुस्तकं चोरणारी लीझल, अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा तिचा पालक-बाप, तळघरात लपवलेला मॅक्स. माणसं जिवंत आहेत. मॅक्स हिटलरच्या आत्मचरित्राची पानं पांढऱ्या रंगाने रंगवतो आणि त्यावर लीझलसाठी गोष्ट काढतो, तो भाग मी दोनदा वाचला. पण हा मृत्यू फार बोलतो हो. आभाळाचा रंग काय, प्रकाश कसा, दर दोन पानांनी ठळक अक्षरांत एक निवेदन, त्यात एक चमकदार वाक्य. पहिल्या शंभर पानांत मला तीनदा डुलकी लागली. भाचा म्हणतो, "तेच तर भारी आहे." तेच भारी आहे असं वाटायला बहुधा सोळाचं असावं लागतं. माझे सहा, त्याचे साडेनऊ. या साडेवर आमचं भांडण झालं.

पिशवीत एक मालिकाही होती. तिचं नाव घेत नाही. उद्ध्वस्त जग, त्यात माणसांचे गट पाडणारी राजवट, नायिकेसाठी झुरणारे दोघे. पहिला भाग एका रात्रीत, दुसरा चार दिवसांत, तिसरा पान 62 वर सोडला. भाच्याने तो 40 वरच सोडला होता, कोपरा साक्षीला आहे.

आता त्याने नेलेल्या पुस्तकांविषयी. मिलिंद बोकिलांची 'शाळा' त्याने दोन दिवसांत संपवली आणि माझ्या सिद्धांताचं उरलंसुरलं पाणी केलं. नववीतला मुकुंद जोशी सगळं आतून, त्याच्या वयातच बोलतो. तरी 2004 मध्ये ती मोठ्यांची कादंबरी म्हणून आली आणि आम्ही मोठ्यांनीच ती डोक्यावर घेतली. मी ती आठवणीसारखी वाचली होती. भाच्याने चालू बातमीसारखी वाचली. त्याचे प्रश्न दोन. एक, मुकुंद त्याला आवडणाऱ्या मुलीला आडनावाने शिरोडकर का म्हणतो? मी म्हटलं, कारण नाव घेतलं तर मनातलं बाहेर पडेल. दोन, आणीबाणी म्हणजे नक्की काय चाललं होतं? मी सांगायला लागले आणि मधेच लक्षात आलं की मुकुंदलाही ते अर्धवटच कळत असतं. मोठी माणसं बोलतात ते त्याच्या कानावर पडतं, तो ते आपल्याला पोचवतो, आणि त्याचं लक्ष पुन्हा शिरोडकरकडे. म्हणजे हा ख्रिस्तोफरचाच सख्खा भाऊ निघाला. बोलणाऱ्याला किती कळलंय आणि वाचणाऱ्याला किती, या दोन्हींमधली फट बघावी. मला हे पुस्तकाच्या पाठीवर छापलेल्या वयोगटापेक्षा कामाचं वाटतं. त्या फटीत सोळा वर्षांचा माणूस एका जागी उभा राहतो, सत्तेचाळीस वर्षांची बाई दुसऱ्या जागी. फटच नसेल, तर ते पुस्तक दोघांपैकी कुणाचंच नाही. वर नाव न घेतलेली मालिका तशी आहे. नायिकेला जे वाटतं ते ती लगेच सांगते, वाचणाऱ्याला करायला काही उरतच नाही.

काझुओ इशिगुरोंच्या 'नेव्हर लेट मी गो'ने त्याला पिसाळवलं. एकतीस वर्षांची कॅथी आपल्या शाळेच्या दिवसांबद्दल शांतपणे बोलत राहते आणि ही मुलं कशासाठी वाढवली जातायत ते हळूहळू आपल्याला उमगतं. तो अर्ध्यात थांबला आणि फोन केला. "हे पळून का जात नाहीत? एकही जण कसा पळत नाही?" त्याच्या पिशवीतल्या नायिकेने एव्हाना दोन भिंती चढून राजवाडा पेटवला असता. मी म्हटलं, त्यांचे शब्द बघ. मरण्याला ते 'कम्प्लीट होणं' म्हणतात. अवयव काढून घेण्याला दान. लहानपणापासून हेच शब्द कानावर पडले तर पळण्याचा विचार कुठल्या शब्दांत करणार? तो म्हणाला, "हे उत्तर नाहीये." नाहीच आहे. पण त्याने पुस्तक संपवलं आणि गुण दिले नऊ, शेजारी कंसात 'राग आला' असं लिहून. मोठ्यांचं हे पुस्तक अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी किशोरांनी जरूर वाचावं म्हणून अलेक्स पुरस्कार देऊन निवडलं होतं. त्यांच्याकडेही असे फोन आले असतील.

तिसरं होतं क्लेअर कीगनचं 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज'. जेमतेम सव्वाशे पानांचं, 2021 चं. 1985 चा नाताळ, आयर्लंडमधलं गाव, पाच मुलींचा बाप असलेला कोळशाचा व्यापारी फर्लाँग. कोळसा पोचवायला तो ननांच्या मठात जातो आणि तिथे कोळशाच्या खोलीत कोंडलेली मुलगी त्याला दिसते. मठात काय चालतं ते सगळ्या गावाला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. बायकोही त्याला गप्प बसायला सांगते, आणि तिचंही चुकत नाही, पाच मुलींच्या शाळेचा प्रश्न आहे, आणि शाळाही ननांच्याच हातात. कीगन एक शब्द जास्त लिहीत नाही. फर्लाँग रात्री चहा घेऊन खिडकीशी उभा राहतो, एवढ्यावर ती पान पेलते. मला हे पुस्तक कधीचं आवडतं. पण या वेळी, मुलांची इतकी पुस्तकं वाचून झाल्यावर, वाटलं की शेवटी हा माणूस जे करतो ते तर भाच्याच्या पिशवीतल्या कुठल्याही नायकाला शोभणारं आहे. फरक एवढाच, की उद्या सकाळी त्याला दुकान उघडायचंय.

परवा प्लास्टर काढलं. करवत थेट बुक थीफच्या साडेनऊवरून गेली. कीगनचे गुण लिहायचे राहिलेच होते. संध्याकाळी भाचा पुस्तक परत द्यायला आला. एकही कोपरा दुमडलेला नव्हता.

"याचा दुसरा भाग आहे ना?"

"नाही."

"असं कसं? घरी गेल्यावर काय झालं मग? त्याची बायको काय म्हणाली?"

"तुला काय वाटतं?"

त्याने पुस्तक परत उचललं आणि पिशवीत टाकलं.