अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाचा केक: दही, केळे, जवस की छोल्यांचे पाणी?

खानदेशातील सणावाराचे गोड पाहिले तर मांडे, पुरणपोळी किंवा घरी भाजलेली नानकटाई यांना अंडे कधी लागलेच नाही. त्यामुळे मुलाला अंड्याची ॲलर्जी असल्याचे निदान झाल्यावर रोजच्या स्वयंपाकाची फारशी अडचण होत नाही. अडचण होते ती वाढदिवसाच्या केकची, बिस्किटांची आणि बेकरीतून येणाऱ्या खाऊची. पर्याय अनेक सांगितले जातात, परंतु प्रत्येक पर्याय प्रत्येक पदार्थाला लागू पडत नाही आणि प्रत्येक मुलाला चालतोच असेही नाही. म्हणून निवड करण्यापूर्वी दोन गोष्टी निश्चित कराव्यात: त्या पदार्थात अंडे नेमके कोणते काम करते, आणि मुलाला अंड्याव्यतिरिक्त आणखी कशाची ॲलर्जी आहे का.

कवच काढलेले मध्यम अंडे साधारण ५० ग्रॅम भरते आणि त्यातील सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असते. उरलेल्या भागातील प्रथिने उष्णतेने घट्ट होतात व केकला आकार देतात, फेटल्यावर हवा धरून ठेवतात, तर पिवळ्या बलकामुळे तेल आणि पाणी एकजीव होते. ही सर्व कामे एकटा करील असा पर्याय नाही. मैद्याच्या केकमध्ये आकार धरण्याचा बराचसा भार गव्हातील ग्लूटेन हे चिवट प्रथिन उचलते, त्यामुळे अंडे काढले तरी निभावते. ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पिठात ग्लूटेन नसल्यामुळे तेथे अंड्याची उणीव लगेच जाणवते आणि केक कापताना त्याचा चुरा होतो.

मुलाला दूध चालत असेल तर मी पहिली पसंती दह्याला देईन. दह्यातील आम्ल आणि खाण्याचा सोडा यांच्या संयोगाने वायू तयार होतो व केक हलका होतो; चवही साधी राहत असल्याने व्हॅनिला, वेलची, केशर असा कोणताही स्वाद त्यावर उठून दिसतो. दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चहाचा चमचा सोडा हे प्रमाण भरवशाचे आहे. अंड्याच्या कृतीतून अंडे वगळून काही तरी भरण्यापेक्षा अशी मुळातच अंड्याशिवाय बेतलेली कृती नेहमी चांगली ठरते. जळगाव-भुसावळकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दही काही तासांतच आंबट होते, म्हणून सकाळी लागलेले ताजे, घट्ट दही वापरावे. सोडा मिसळल्यानंतर मिश्रण थांबवून ठेवू नये, कारण वायू निघून गेला की केक दडस होतो. ओव्हन किंवा कुकर आधीच तापवून ठेवावा.

मात्र काही मुलांना अंड्याबरोबर दुधाचीही ॲलर्जी असते. तेथे दही, ताक, कन्डेन्स्ड मिल्क हे सर्व बाद होते, आणि गाईच्या दुधाऐवजी म्हशीचे दूध हा उपाय नव्हे, कारण दोन्हींतील प्रथिने इतकी सारखी असतात की एकाने त्रास होणाऱ्या मुलाला सहसा दुसऱ्यानेही होतो. अशा घरी केळे आणि जवस यांत निवड करावी लागते.

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळ्यांची कधीच वानवा नसते. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे केळे येथे घरोघरी असते. एका अंड्याच्या जागी सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे पाव कप कुस्करलेले केळे घ्यावे. सालीवर काळे ठिपके आलेले पिकलेले केळे उत्तम. केळ्याने ओलावा व गोडी मिळते, पण फुगवण्याचे काम ते करीत नाही, म्हणून बेकिंग पावडर थोडी वाढवावी आणि साखर थोडी कमी करावी. चव मात्र लपत नाही. चॉकलेटचा केक किंवा मफिन असेल तर ती शोभते, नाजूक स्वादाच्या केकमध्ये ती बाकीच्या सर्व चवींवर मात करते.

जवसाची चव त्या मानाने मागे राहते आणि बांधून ठेवण्याचे काम ते केळ्यापेक्षा सरस करते. एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट लगदा होतो. तो एका अंड्याच्या जागी चालतो. बिस्किटे, आणि विशेषतः ज्वारीच्या पिठाचे पदार्थ, यांसाठी मी जवसच सुचवीन. घरी चटणीसाठी जवस असतोच, पण तिखट-मीठ-लसूण घातलेली तयार चटणी येथे उपयोगाची नाही. पुडीतील तेल उन्हाळ्यात लवकर खवट होत असल्यामुळे लागेल तेवढीच ताजी दळावी. क्वचित काही मुलांना जवसाचीही ॲलर्जी असते, तेव्हा आधी खाऊन पाहिलेला नसेल तर डॉक्टरांना विचारूनच द्यावा.

छोले शिजवलेले पाणी हा त्यामानाने नवा पर्याय आहे. २०१४ मध्ये फ्रान्समध्ये त्याचा फेस करता येतो हे लक्षात आले. तीन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडे. हे पाणी आटवून, थंड करून फेटले तर अंड्याच्या पांढऱ्यासारखे फुलते, म्हणून मेरिंगसारख्या, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग साखरेबरोबर फेटून भाजलेल्या पदार्थाला याच्याइतका चांगला पर्याय नाही. साध्या केकसाठी एवढा खटाटोप मला अनावश्यक वाटतो, आणि हरभऱ्याची किंवा इतर डाळींची ॲलर्जी असलेल्या मुलाला तो देऊच नये. तिखट पदार्थांचे काम सोपे आहे: कटलेटला उकडलेला बटाटा व तांदळाचे पीठ, ऑम्लेटऐवजी बेसनाचे किंवा मुगाचे धिरडे.

कोणताही पर्याय घेतला तरी एक मर्यादा लक्षात ठेवावी. मूळ कृतीत एक-दोन अंडी असतील तर बदल जमतो. चार-पाच अंड्यांचा स्पंज केक यांपैकी कशानेही तसा होत नाही. तसेच अंड्यातून मिळणारी सुमारे सहा ग्रॅम प्रथिने केळ्याने भरून निघत नाहीत; ती डाळी, कडधान्ये आणि चालत असल्यास दुधातून वेगळी द्यावी लागतात.

बेकरीतून ‘एगलेस’ केक आणणे सोयीचे असले तरी मी घरच्या केकलाच झुकते माप देईन. अनेक बेकऱ्यांत दोन्ही प्रकारचे केक एकाच ओट्यावर, त्याच भांड्यांत होतात, आणि खारी किंवा पावाला वरून अंडे लावलेले असू शकते. पाकीटबंद पदार्थावर अंडे असल्यास आपल्या देशात तपकिरी चिन्ह येते व ॲलर्जीच्या माहितीत अंड्याचा उल्लेख बंधनकारक आहे. परंतु हिरवे चिन्ह घटकांविषयी बोलते, कारखान्यात अंड्याचा अंश लागला नसेल याची हमी देत नाही. सुट्या मालावर तर काहीच लिहिलेले नसते.

अंड्याची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना केकमध्ये पूर्ण भाजले गेलेले अंडे सोसते आणि अनेकांची ॲलर्जी वाढत्या वयात जातेही, पण हे घरी ‘थोडेसे देऊन’ तपासू नये. ती चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी, कारण ओठ-चेहरा सुजणे, घरघर लागणे किंवा वारंवार उलट्या होणे यांपैकी काही दिसले तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते. तोपर्यंत दुसऱ्याच्या वाढदिवसाला जाताना मुलाच्या डब्यात घरचा तुकडा द्यावा. दह्याचा केक कापून फ्रीझरमध्ये ठेवला तर काही आठवडे चांगला राहतो आणि निमंत्रण आयत्या वेळी आले तरी धावपळ होत नाही.