नॅरोबोट घ्यायची तर जानेवारीत बघा: १८ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या फलटणकडे कॅनॉल म्हणजे नीरेचा उजवा कालवा. आवर्तन सुटलं की काठोकाठ, बंद झालं की तळाला चिखल आणि चिखलात मासे धरणारी पोरं. त्यामुळे आम्ही दोघं इंग्लंडात कॅनॉलवर नॅरोबोट, म्हणजे लांब आणि अरुंद बोट, घेऊन राहायला लागलो हे आजीला फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा हेच विचारलं, “आणि पाणी बंद झालं की गं?” तोवर इतका नेमका प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

आता दीड वर्ष झालं. एक हिवाळा पुरता काढला, दुसरा निम्मा झालाय. स्विंडन, रेडिंगकडची ओळखीची मराठी मंडळी विचारत असतात की घरभाडं झेपत नाही, बोट बरी पडेल का. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. मत आधीच सांगून टाकते: जुलैत बघून बोट घेऊ नका. जानेवारीत बघा, तेही अंधार पडल्यावर.

आम्ही जुलैत घेतली. बोट ५७ फूट लांब, बाहेरून ६ फूट १० इंच रुंद, आतून जेमतेम सहा फूट. ही मापं कुणाच्या आवडीनं ठरलेली नाहीत. मिडलँड्सकडच्या जुन्या कालव्यांवरची लॉकं, म्हणजे बोट वर-खाली करायचे दारांचे हौद, सात फूट रुंद आहेत, त्यात शिरायचं तर बोट तेवढीच हवी. लांबीचंही तसंच, ५७ फुटी बोट देशात जवळजवळ सगळीकडे जाते, ७० फुटी काही ठिकाणी अडते. पोलाद तळाला १० मिलिमीटर, बाजूंना ६, वर केबिनला ४. सर्व्हेअरनं बोट पाण्याबाहेर काढून, ठोकून, जाडी मोजून अहवाल दिला. त्या खर्चात अजिबात काटकसर करू नका. पण सर्व्हेअर पत्रा तपासतो, थंडी तपासत नाही. त्या दिवशी सगळी दारं उघडी होती, पाण्यावरचा उजेड छतावर हलत होता, मागच्या डेकपाशी बदकाची पिल्लं होती. मी शेगडीचं दार उघडूनसुद्धा बघितलं नाही.

आणि बोटीवरची सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच. आमची शेगडी मोर्सो कंपनीची स्क्विरल, डेन्मार्कची, ओतीव लोखंडाची, दोन्ही बाजूंना खारीचं उठावाचं चित्र. आता मी डोळे मिटून पेटवते, पण पहिले दोन महिने ती रोज पहाटे चारला विझायची. मग एकदा आजीची आठवण आली. आजी रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायची आणि सकाळी फुंकणीनं फुंकला की निखारा लाल व्हायचा. इथंही वेगळं काही नाही. रात्री दहाला जाळी हलवून राख खाली पाडायची, पण सगळी नाही, निखाऱ्यांना थोडी लपेटून राहील एवढी ठेवायची. वर दोन फावडी कोळसा. तो लालसर धरेपर्यंत दहा मिनिटं खालची हवेची चकती उघडी ठेवायची, मग फिरवत आणायची आणि पाव आटा राहिला की थांबायचं. पूर्ण बंद केली तर विझतो, अर्धा आटा ठेवला तर पहाटेपर्यंत जळून जातो. सकाळी सहाला चकती उघडली की खालून धगीचा आवाज येतो, तो ऐकला की मी चहाचं आधण ठेवते.

कोळसा बिनधुराचाच घ्या. साधा दगडी कोळसा घरात जाळायला विकणं इंग्लंडमध्ये मे २०२३ पासून बंदच आहे. जानेवारीत आम्हाला वीस किलोचं पोतं चार दिवस पुरतं. लाकूड फुकट मिळालं म्हणून ओलं जाळू नका, धुराड्यात डांबर साचतं. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बोटीच्या सेफ्टी सर्टिफिकेटापुरता नको. दर आठवड्याला बटण दाबून आवाज ऐका. छोट्या बंद जागेत रात्रभर विस्तव ठेवून झोपणाऱ्याला यात सूट नाही.

आमच्या बोटीची खरी उणीव मात्र शेगडीत नाही, मांडणीत आहे. शेगडी पुढे, झोपायची खोली पार मागे. पुढे २४ अंश असतात तेव्हा मागे ११. शेगडीवर ठेवायचा एक पंखा मिळतो, वीज लागत नाही, शेगडीच्या उष्णतेवरच फिरतो. त्यानं तीन-चार अंशांचा फरक पडला. मधलं दार काढून टाकलं, त्यानं आणखी पडला. पण मागच्या खोलीत गरम पाण्याचा रेडिएटर असलेली बोट मिळत असेल तर चार पैसे जास्त मोजा.

पहिल्या डिसेंबरातली एक सकाळ सांगते. बाहेर उणे चार. शेगडी नेमकी विझलेली, म्हणून गॅसवर चहा करायला गेले तर गॅस पेटेना. सिलिंडर हलवून बघितला, भरलेला. नवरा रात्रपाळीहून यायचा होता. मी काठावर उतरून सिलिंडरच्या कप्प्यापाशी उभी होते, तेवढ्यात मागच्या हिरव्या बोटीवरच्या बाई कुत्र्याला घेऊन आल्या. त्यांनी फक्त सिलिंडरचा रंग बघितला. निळा, म्हणजे ब्युटेन. शून्याच्या खाली ब्युटेनचा वायूच होत नाही, आत नुसता द्रव राहतो. लाल सिलिंडर प्रोपेनचा, तो उणे चाळिसातही चालतो. बोटीबरोबर आलेला निळा आम्ही जुलैपासून वापरत होतो, कुणाला सांगायचं सुचलं नव्हतं. बाईंनी त्यांचा जादाचा लाल सिलिंडर ढकलगाडीवरून आणला, स्वतः जोडला, सांध्यावर साबणाचं पाणी लावून गळती तपासली आणि म्हणाल्या, आता आधी चहा. सत्तरीच्या पुढच्या आहेत, वीस वर्षं पाण्यावर राहतात. मी त्यांना मावशी म्हणते. अर्थ सांगितल्यापासून त्या इतरांनाही तशीच ओळख करून देतात.

ओल हा दुसरा मोठा विषय, आणि आपल्या स्वयंपाकाचा त्यात मोठा हात आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की खिडक्यांवरून पाणी ओघळतं. पहिल्या हिवाळ्यात गादी उचलली तर खाली काळी बुरशी, गादी टाकून द्यावी लागली. आता गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घातलीय, कुकरची वाफ बाहेर जाईल एवढी वरची झडप थंडीतही उघडी असते आणि डाळ शेगडीवर जाड बुडाच्या पातेल्यात दुपारभर शिजते. कुकर आता क्वचितच निघतो. मंद शिजलेल्या तुरीच्या डाळीच्या आमटीला जी चव येते ती मला कुकरातून कधी मिळाली नव्हती.

विजेचं थोडक्यात. छतावर ४०० वॅटची सोलर पॅनेलं आहेत. जूनमध्ये वीज उरते, डिसेंबरात जवळजवळ काहीच मिळत नाही. मग इंजिन चालवायचं, पण बांधलेल्या बोटीचं इंजिन रात्री आठ ते सकाळी आठ चालवायचं नाही, शेजाऱ्यांना त्रास होतो. आम्ही शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याच्या खाली उतरवत राहिलो आणि फेब्रुवारीत त्या संपल्या. आता लिथियमची आहे, सुखी आहे. मिक्सर ७५० वॅटचा असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून साठच्या वर अँपिअर ओढतो, हे लक्षात ठेवून इन्व्हर्टर घ्या. चटणीसाठी आईनं खलबत्ता पाठवला, रोज वापरात आहे.

संडासचा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात. आमची कॅसेट आहे, म्हणजे संडासाखालची काढता येणारी टाकी, दोघांत तीन दिवसांनी भरते, एल्सन पॉइंटवर, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागी, नेऊन रिकामी करायची. दहा मिनिटांचं काम, सवय होते.

आता आजीच्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही असतो केनेट अँड एव्हन कॅनॉलवर, रेडिंग ते ब्रिस्टल, ८७ मैल. जॉन रेनी नावाच्या इंजिनिअरनं बांधला, १८१० मध्ये पुरा झाला. मधला भाग टेकडीवरून जातो आणि तिथं पाणी आपोआप येत नाही, चढवावं लागतं. त्यासाठी क्रॉफ्टनला वाफेचं इंजिन बसवलं. १८१२ चं ते इंजिन अजून त्याच जागेवर, अजून चालतं, वर्षातून काही दिवस वाफेवर चालवून दाखवतात. बाथजवळ क्लॅव्हर्टनला तर एव्हन नदीच्याच जोरावर फिरणारं पाणचक्र नदीचं पाणी वर कॅनॉलमध्ये चढवायचं, १८१३ पासून. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे उपसा सिंचन.” इतक्या कमी शब्दांत मला नसतं सांगता आलं. रोजचा उपसा आता विजेच्या पंपांनी होतो. पण मधल्या काळात कॅनॉल खरंच बंद पडला होता, लॉकं कुजली होती. सामान्य लोकांनी, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून तो पुन्हा उभा केला आणि १९९० मध्ये राणीच्या हस्ते पुन्हा खुला झाला. आमच्या घराखालचं पाणी त्या लोकांनी राखलेलं आहे, हे मी विसरत नाही.

आमच्याकडे बोट बांधायला कायमचा धक्का नाही. १९९५ च्या कायद्याप्रमाणे अशा बोटीला लायसन्स मिळतं, पण एका जागी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही आणि प्रवास खराखुरा हवा. एप्रिल २०२४ पासून अशा बोटींना फीवर अधिभारही आहे, तो हिशोबात धरा. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, बांधलेल्या बोटींजवळून त्याहून कितीतरी हळू, नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटतात आणि आत कुणाचा तरी चहा सांडतो. आम्ही बाथपासून पूर्वेला ग्रेट बेडविनपर्यंत वरखाली करतो. दोन्हीकडे रेल्वे आहे, त्यामुळे नोकऱ्या जमतात. न जमणारी गोष्ट म्हणजे पत्ता. एका बँकेनं ‘कायमचा पत्ता’ या एका रकान्यापायी दोन महिने घालवले. शेवटी ब्रिस्टलच्या मैत्रिणीचा पत्ता दिला. अशी एक तरी मैत्रीण असल्याशिवाय या वाटेला जाऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगते.

दर १४ दिवसांनी शेजार बदलतो असं ऐकून आई घाबरली होती. प्रत्यक्षात तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात, कधी पुढे, कधी मागे. आणि बोलायला विषय कधी कमी पडत नाही: कुणाचं लाकूड किती सुकलंय, कुठल्या नळाला पाण्याचा जोर आहे, कोळशाची बोट कुठवर पोचली. एक जण फिडल वाजवतो, एक जोडपं छतावर कोबी लावतं. गेल्या मे महिन्यात डिव्हायझेस गावाजवळची चढण केली, केन हिल म्हणतात, २९ लॉकं, दोन मैलांत २३७ फूट चढ. लॉकं इथं रुंद, दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात, म्हणून जोडीदार शोधून निघायचं. आम्हाला मिळाला तो निवृत्त सुतार. दोन्ही बोटी दोरीनं एकत्र बांधल्या, तो दोन्हींची सुकाणं सांभाळायचा, आम्ही दोघं पुढे जाऊन विंडलासनं, म्हणजे हातानं फिरवायच्या चावीनं, पॅडलं, म्हणजे लॉकच्या पाण्याच्या झडपा, उचलायचो. सहा तास लागले. विसाव्या लॉकला थालीपिठाचा डबा उघडला. त्यानं तीन खाल्ली आणि आमच्या कपाटाचं न लागणारं दार दुसऱ्या दिवशी येऊन नीट करून दिलं.

परवाची संक्रांत मला फार दिवस लक्षात राहील. शेगडीवर लोखंडी कढई ठेवून तीळ भाजले. आच मंद असल्यानं एकही करपला नाही. गूळ लंडनच्या साउथॉलहून आणलेला. चाळीस लाडू झाले. फडक्यात गुंडाळून काठानं निघाले, बर्फाचा पातळ थर होता, खिडक्यांतून दिवे. अकरा बोटी. प्रत्येक दारावर टकटक करून सांगितलं, तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि मग अर्थ. परतताना हातात ॲश नावाच्या झाडाच्या वाळलेल्या लाकडाची मोळी होती, मुरंब्याची बाटली होती आणि एका मुलीनं विणलेली टोपी. ॲशचं लाकूड इथले लोक सहसा कुणाला देत नाहीत, सगळ्यात छान जळतं ते.

तर घ्यावी का? दोघं असाल, सामान कमी करायची तयारी असेल, रोज हातानं काम करायला आवडत असेल, तर घ्या. नुसते पैसे वाचतील म्हणून घेत असाल तर कोळसा, डिझेल, लायसन्स, विमा, चार वर्षांनी सेफ्टी सर्टिफिकेट, दर दोन-तीन वर्षांनी गंजू नये म्हणून तळाला काळं लावणं, सगळं मांडून बघा. लहान खोलीच्या भाड्याच्या जवळपास जातं. आमचं घर मी आता विटांच्या घराशी बदलणार नाही.

एप्रिलमध्ये बोट काळं लावायला पाण्याबाहेर निघेल. पाण्यात असताना बोटीचं नाव बदलू नये असा इथला समज, म्हणून दीड वर्ष जुनंच नाव ठेवलं. आता बदलणार. नाव ठरलंय ‘नीरा’, आणि रंगवणार मावशी. बोटींवरची जुन्या पद्धतीची गुलाबांची आणि किल्ल्यांची नक्षी त्या फार सुंदर काढतात. देवनागरी त्यांनी कधी लिहिलेली नाही, म्हणून दिवाळीपासून पत्र्याच्या तुकड्यावर सराव चाललाय. काल पत्रा घेऊन आल्या. ‘नी’ची वेलांटी सुरेख वळली होती. त्यांना एवढंच विचारायचं होतं की वरची रेघ आधी ओढायची की अक्षरं झाल्यावर.