दादरमधलं लैंगिकतेचं मराठी सेशन: पहिला तास जांभया, दुसरा तास पैसे वसूल

मी गिरगावात एका मेडिकलच्या काउंटरला असते, सतरा वर्षं झाली. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं, आधी क्रोसिन मागतं, मग व्हिक्स, मग उगाच स्ट्रेप्सिल्स हातात घेऊन बघतं, मागे कोणी ओळखीचं नाही ना याची खात्री करतं आणि मग हळूच, "ते द्या ना." ते म्हणजे काय हे कळायला मला पुढचं ऐकावं लागत नाही, काळी पिशवी तयारच असते.

तरी या सेशनला गेले कारण मार्चमध्ये एक मुलगा आला होता, विशीतला, घामाघूम. काल रात्री कंडोम फाटला, समोरच्याचं काही माहीत नाही, एचआयव्हीची टेस्ट कधी करू? मी अगदी ठासून सांगितलं, उद्या सकाळीच लॅबमध्ये जा आणि करून टाक, डोक्याचा ताप नको. तो थँक्यू काकी म्हणून गेला. नंतर घरी भांडी घासताना मनात आलं, आपण हे कुठल्या आधारावर सांगितलं?

तर सेशन. रविवार, दादर पश्चिम, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं, दुसरा मजला आणि लिफ्ट बंद. दोनशे रुपये, त्यात चहा आणि दोन पारले बिस्किटं. संस्थेचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी कुरकुर करणार आहे आणि पोरं मनाने चांगली आहेत.

पहिला तास एका तरुण मुलाने घेतला, पडद्यावर स्लाइड. सेक्स, जेंडर, ओरिएंटेशन, एक्स्प्रेशन, सगळं इंग्लिशमध्ये, जाहिरातीत मात्र "संपूर्ण मराठीतून" असं लिहिलेलं. आणि हातात दिलेला कागद बरोबर उलट, लैंगिक अभिमुखता काय, लिंगभाव अभिव्यक्ती काय. माझ्या शेजारी परळच्या एक रिटायर्ड शिक्षिका होत्या, त्या म्हणाल्या, "अहो हा तर शासन निर्णय वाटतोय." म्हणजे एक भाषा ऑफिसातली, दुसरी मंत्रालयातली, आणि आम्ही घरात जे बोलतो ते कुठेच नाही.

चहानंतर एक समुपदेशक ताई उभ्या राहिल्या आणि सूर बदलला. एका काकांनी हात वर केला, "उभयलिंगी म्हणजे गांडूळ ना? शाळेत तेच शिकवलंय." हॉल हसला, ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या काका बरोबर बोलताहेत, आपल्याकडे गांडूळही उभयलिंगी आणि जिला पुरुष-बाई दोन्ही आवडतात तीही उभयलिंगी, मग लोकांचा गोंधळ होणार नाही तर काय. मुळात लिंग हा एकच शब्द आपण व्याकरणाला वापरतो, अवयवाला वापरतो, फॉर्मवर स्त्री/पुरुषला वापरतो. मग त्यांनी तीन प्रश्न वेगळे केले, जन्मतः शरीर कसं आहे, माणूस मनातून स्वतःला काय मानतो, आणि त्याचा जीव कोणावर जडतो. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढता येत नाही. झालं, एवढंच, तासभराच्या स्लाइडमध्ये जे शिरलं नाही ते दोन मिनिटांत शिरलं.

त्यावरून पुढचं पण सोपं झालं. गे मुलाला बाई व्हायचं असतं हा समज चुकीचा, तो पुरुषच आहे, त्याला पुरुष आवडतो. हिजडा हा गुरू-चेल्यांच्या परंपरेतला समाज आहे, प्रत्येक ट्रान्स माणूस (म्हणजे जन्माच्या शरीरापेक्षा मनातून स्वतःला वेगळं मानणारा) त्यात नसतो, आणि मुलगी म्हणून जन्मलेले ट्रान्स पुरुष तर आपल्या लक्षातच येत नाहीत. ऑपरेशन झालं तरच खरं असंही नाही, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय की स्वतःची ओळख माणसाने स्वतः ठरवायची. काकांनी परत विचारलं, ते समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं म्हणजे आता लग्नही चालतं ना? तर नाही, सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञान लोकांचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण लग्नाची मान्यता २०२३ मध्ये कोर्टाने दिली नाही. काका चांगले होते हो, नाहीतर बाकी सगळे नुसते मान डोलवत बसलेले.

मग आरोग्य. लोकलच्या डब्यात "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" वाले स्टिकर बघत मोठे झालेले आपण, तो शब्दच असा की पेशंट लपतो. सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया हे जिवाणूंचे आजार आहेत, बरोबर अँटिबायोटिकने बरे होतात, पण बऱ्याचदा लक्षणंच दिसत नाहीत म्हणून तपासणी. एचपीव्ही, म्हणजे ज्याने गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ शकतो तो विषाणू, त्वचेच्या स्पर्शाने पसरतो त्यामुळे कंडोमने धोका कमी होतो, शून्य होत नाही, म्हणून मुलींना लस. एचआयव्ही म्हणजे एड्स नव्हे, आणि औषधं नीट चालू असून रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही तर संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. हे शेवटचं मला, मेडिकलवाल्या बाईला, माहीत नव्हतं. लिहायला लाज वाटते पण खरंय.

आणि मग ते आलं. एचआयव्हीची लागण झाली तरी टेस्टमध्ये लगेच दिसत नाही, लॅबच्या चांगल्या टेस्टलाही साधारण अडीच आठवडे ते दीड महिना, साध्या रॅपिडला तीन महिन्यांपर्यंत. दुसऱ्या दिवशीची निगेटिव्ह म्हणजे काहीच नाही. आणि कंडोम फाटल्यावर करायचं ते वेगळंच, ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, डॉक्टर किंवा सरकारी एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) गाठायचं, गरज वाटली तर ते एचआयव्ही अडवायच्या २८ दिवसांच्या गोळ्या सुरू करतात. (गर्भ राहू नये म्हणून आम्ही जी ७२ तासवाली गोळी विकतो ती वेगळी, तिने आजार अडत नाही, हे पण लोक गल्लत करतात.) माझा चहा तिथेच गार झाला.

टेस्टसाठी केईएम, नायर, सायन हॉस्पिटलला आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्र, आहे, फुकट, आधी समुपदेशन, संमती घेऊनच, रिपोर्ट गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक.

एक तक्रार अजून. याच मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढून हेच सगळं मराठीत लिहीत होते, खटले अंगावर घेऊन, आणि त्यांचा उल्लेखसुद्धा नाही, तो इंग्लिश स्लाइडवाला मुलगा तर बहुतेक ऐकूनही नसेल.

पाचपैकी साडेतीन. गुडघे दुखत असतील तर आधी फोन करून लिफ्टचं विचारा, आणि चहाच्या वेळेला पोचलात तरी चालेल.

सोमवारी दुकान उघडल्यावर गल्ल्याच्या बाजूला चिठ्ठी चिकटवली, १०९७, एड्सची टोल फ्री हेल्पलाइन, खाली "७२ तास, उद्या नाही आज". मालकांनी वाचलं, काही बोलले नाहीत. तो मुलगा परत आलेला नाही. विशीतला, चष्मा, पाठीला निळी सॅक, कोणी आत आलं की अजूनही आधी सॅककडेच बघते.