एक इंची सेन्सर, नऊ महिने आणि चादरीची कड

फोनच्या फोटोत चादरीची कड धुरकट येते म्हणून परवा सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो आणि माझा अर्धा दिवस मोडला. आधी म्हणाले अपडेट करा, मग रिसेट मारा, आणि शेवटी ‘कॅमेरा मॉड्यूल बदलावं लागेल, 11,800 रुपये’. मी फोन उचलला आणि घरी आलो. कॅमेऱ्यात बिघाड नव्हताच, हे रात्री कळलं. दुसऱ्या कुणाचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

फोन दिवाळीत घेतला. एक इंची सेन्सरवाला (सेन्सर म्हणजे लेन्समागची प्रकाश टिपणारी चिप), सेकंडहँड, 38,000 ला. मॉडेल लिहीत नाही, कारण माझी तक्रार या जातीच्या बहुतेक फोनना लागू पडते. एवढंच सांगतो, की ‘एक इंच’ हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या नळीवरून आलंय. सेन्सर प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिलिमीटर. तरीही माझ्या जुन्या फोनच्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळ जवळजवळ पाचपट भरतं.

आमचा चादरींचा छोटा कारखाना आहे. नवीन डिझाइन मागावरून उतरलं की घडी घालून फोटो काढायचा आणि व्यापाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅप करायचा, हा रोजचा धंदा. या फोनवर पुढची घडी अशी येते की सूत न् सूत मोजून घ्या. पण चार बोटं मागे बॉर्डर, आणि ती धुरकट. लातूरच्या शेटचा फोन आला, “मालक, कडेला डाग आहे का? दाबून फोटो काढलाय.” तीस वर्षांत आमच्या मालाला कुणी असं बोललं नव्हतं. मला ते फार लागलं. फोन अजून जवळ नेला तर तो आपोआप दुसऱ्या, वाइड कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि मरून रंग विटकरी दिसतो. रंगावर ऑर्डर ठरते हो आमच्याकडे!

जानेवारीत फोन विकायलाच काढला होता. तेवढ्यात गड्डा, म्हणजे आमची सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, आली. रात्री होम मैदानावर आईला घेऊन गेलो. एका स्टॉलच्या पिवळ्या बल्बखाली ती बांगड्या बघत होती, मी चालता चालता एक फोटो काढला. नाइट मोड नाही, काही नाही. तिच्या नथीतला मोती, डोळ्यांभोवतीच्या बारीक रेषा, मागे पाळण्याचे दिवे गोल गोल विरघळलेले. आई स्वतःचा फोटो कधी बघत नाही. हा तिने मोठा करून भिंतीवर लावायला सांगितला. फोन विकला नाही.

पण धंद्याची अडचण तशीच राहिली. म्हणून सर्व्हिस सेंटर, आणि तिथून परत आल्यावर टेबलावर मोजायची टेप लांब पसरून मीच बघितलं. 30 सेंटीमीटरवर फोकस धरला की जेमतेम 5 सेंटीमीटर पट्टा स्वच्छ येतो, जुन्या फोनवर दुप्पट. कारण साधं आहे. सेन्सर मोठा, म्हणून तेवढंच दृश्य पकडायला लेन्सची फोकल लेंग्थ (ढोबळमानाने लेन्स ते सेन्सर अंतर) जास्त लागते, आणि अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येतो ते लेन्सचं छिद्र) उघडंच राहतं. त्यात फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्वच्छ येतो ती, कमी होते. पाळण्याचे दिवे ज्याने विरघळले, त्यानेच माझी बॉर्डर धुरकट केली. शाओमी 14 अल्ट्रामध्ये अ‍ॅपर्चर एफ 1.63 पासून एफ 4 पर्यंत (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) मिटवता येतं, पण तो भारतात 99,999 ला आला होता. माझ्या बजेटबाहेर.

मग फुकटचा उपाय सापडला. फोन 60 सेंटीमीटरवर न्यायचा आणि दोनपट झूम करायचा. पट्टा 10 सेंटीमीटर होतो, जुन्या फोनएवढाच, आणि रंगही हलत नाही, कारण कॅमेरा तोच राहतो. तपशील थोडा कमी होतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला कळत नाही.

बाकी, उन्हाळ्यात भर दुपारी व्हिडिओ काढला की फोन तापतो. लेन्सच्या कड्याभोवती कारखान्यातलं तूस बसतं, रोज पुसावं लागतं. बॅटरी ठीक.

घ्यायचा असेल तर दुकानात खिशातून टेप घेऊन जा. काउंटरवर पसरा, तिरका फोटो काढा आणि किती आकडे वाचता येतात ते मोजा, मगच पैसे द्या. आमच्या टेबलावर आता दोन फुटांवर खडूची रेघ मारलीय. लातूरच्या शेटला काल तिथूनच फोटो पाठवला, बॉर्डरसकट.