मार्रादी की सोरियानो? चेस्टनटच्या जत्रेसाठी एकच रविवार असेल तर

ऑक्टोबरात इटलीत असाल, हाताशी एकच मोकळा रविवार असेल आणि चेस्टनटच्या जत्रेला जायचं मनात असेल, तर प्रश्न बहुधा या दोन गावांवर येऊन थांबतो: फ्लॉरेन्सच्या बाजूने मार्रादी, रोमच्या बाजूने सोरियानो नेल चिमिनो. कूनेओची जत्रा यांच्यापेक्षा मोठी, पण ते शहर झालं. 'साग्रा' (एखाद्या पिकाच्या किंवा पदार्थाच्या नावाने भरणारी गावजत्रा) म्हणजे काय, भाजलेले चेस्टनट पुडीत घेऊन कसे हिंडायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. दोन्ही जत्रा मी पाहिल्या आहेत आणि दोन्हीकडे मजा आली. पुन्हा जायची वेळ आली तेव्हा मात्र मी एकाच गावाचं तिकीट काढलं.

दिसण्यात सोरियानो उजवं, हे आधीच मान्य करतो. गावाच्या माथ्यावर ओर्सिनी घराण्याचा किल्ला आहे. तो उभा करणारा पोप तिसरा निकोलस १२८० साली याच गावात वारला आणि पुढे कवी दान्तेने आपल्या महाकाव्यात त्याला नरकात डोकं खाली, पाय वर असा गाडून ठेवला. पाठीमागे चिमिनोचा डोंगर, हजाराहून थोडा जास्त मीटर उंच. त्यावरचं बीच वृक्षांचं रान २०१७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. जत्रेच्या दिवसांत पापाक्वा, रोक्का, सान जॉर्जो आणि त्रिनिता या गावच्या चार पेठा एकमेकींविरुद्ध उतरतात. धनुर्धारी नेम धरतात, घोडेस्वार भरधाव येऊन टांगलेल्या कड्या भाल्यावर उचलतात, जुन्या पोशाखांत ढोलताशांसह मिरवणुका निघतात. आपल्याकडे मंडळामंडळांत गणपतीत जी चुरस लागते तीच इथेही, आणि बघायला आलेल्या परक्यासाठी ती कुणी कमी करत नाही. हे मला फार आवडलं.

जेवणही चांगलं. प्रत्येक पेठ आपापली खाणावळ थाटते, घरातल्याच बाया-पुरुष वाढतात. चिमिनोच्या भागात हरभरे आणि चेस्टनट घालून दाट सूप करतात. थंडीत त्याच्यापुढे पुडीतले भाजलेले चेस्टनट फिके वाटतात. शाकाहारी असाल तर त्यात डुकराची चरबी किंवा मासा पडलाय का, हे विचारून घ्या. विचारलं की सरळ सांगतात.

आता माझं घोडं जिथे अडलं ते. गाडी नसलेल्या माणसाला सोरियानोला पोचता येतं, परतणं अवघड. रेल्वेने ओर्तेपर्यंत किंवा वितेर्बोपर्यंत जायचं आणि पुढे डोंगरावर बस. रविवारी या बस मोजक्याच. आणि जत्रेला खरी रंगत चढते ती अंधार पडल्यावर: खाणावळींत गर्दी होते, मशाली पेटतात, हरलेली पेठ जिंकलेल्या पेठेला टोमणे मारायला लागते. नेमक्या त्याच वेळी तुम्ही मोबाईलवर वेळापत्रक चाळत थांब्याकडे निघालेले असता. मी सूप अर्धं सोडून उठलो. मिरवणुकीमुळे रस्ता अडवलेला, त्यामुळे बस नेहमीच्या थांब्यावर येणार की खाली वळणावर, याबद्दल थांब्यावरच्या दोन आजोबांची दोन ठाम मतं. बस मिळाली, नंतरची ओर्तेहून रोमची गाडीही मिळाली. पण ती संध्याकाळ जत्रेत गेली नाही, घड्याळात गेली. टॅक्सी असेलच, असं धरून चालू नका. मुक्काम करावा म्हटलं तर त्या दिवसांत खोल्या फार आधी भरतात, आणि ज्या उरतात त्या पुन्हा गाडी असणाऱ्यांच्याच सोयीच्या.

कुणी म्हणेल, ही जत्रेची चूक नव्हे. बरोबर आहे. ती जत्रा गावकऱ्यांची आहे, त्यांना घरी चालत जायचं असतं.

मार्रादीचं गणितच उलटं. गाव तोस्कानात (टस्कनीत) मोडतं, पण आपेनाइन पर्वतरांगेच्या पलीकडच्या उतारावर, लामोने नदीच्या काठी. जेवणात आणि बोलण्यात शेजारच्या रोमान्या प्रदेशाचा वास येतो: पियादिना ही तिकडची पोळी मिळते, पेल्यात सांजोव्हेजे ही लाल वाइन असते. फ्लॉरेन्स आणि फाएन्झा यांना जोडणारी रेल्वे १८९३ मध्ये झाली. ती गावातूनच जाते आणि स्टेशनवरून जत्रेपर्यंत चालत जाता येतं. फ्लॉरेन्सहून सव्वा तासाच्या आसपास; बोलोन्याहून यायचं तर फाएन्झाला बदलायचं. ऑक्टोबरातल्या रविवारी जत्रा असते आणि तेव्हा वाफेच्या इंजिनाची खास गाडीही सोडतात. तिची तिकिटं लवकर संपतात. मुलं बरोबर असतील तर धडपड करा, नाहीतर साध्या गाडीतून दिसणारे बोगदे आणि दऱ्या तेच आहेत. एक सूचना: २०२३ च्या मे महिन्यातल्या अतिवृष्टीने या खोऱ्यात दरडी कोसळल्या होत्या. पाऊस फार झाला असेल तर निघण्यापूर्वी लाइन चालू आहे ना, हे बघून घ्यावं.

इथे सोरियानोसारखा किल्ला नाही, घोडे नाहीत. दीनो काम्पाना हा कवी इथे १८८५ साली जन्मला, त्याच्या खुणा गावात भेटतात, एवढंच. प्रवेशाला तिकीट आहे, जे काहींना खटकतं. दुपारी गल्ल्या इतक्या भरतात की केकच्या रांगेचं शेपूट दुसऱ्याच कुठल्या रांगेत मिसळतं. परतीच्या गाडीत उभं राहावं लागतं. पण जत्रा दिवसाची आहे. उजेड गेला की दुकानदार आवरायला लागतात, सगळेच स्टेशनकडे निघतात, आणि आपण काही अर्धवट टाकून चाललोय असं वाटत नाही.

शिवाय इथे सगळा मामला चेस्टनटचाच. मुजेल्लो या इथल्या भागाच्या 'मार्रोने' जातीच्या चेस्टनटला १९९६ पासून आयजीपी, म्हणजे आपल्याकडच्या जीआयसारखा दर्जा आहे. हा मोठा, गोडसर, आणि आतलं साल गरात घुसलेलं नसल्यामुळे भाजला की सहज सोलला जाणारा. (सोरियानोशेजारच्या व्हाल्लेरानोच्या चेस्टनटलाही २००९ पासून डीओपी हा तसाच दर्जा आहे, तेव्हा मालात तिकडचे लोक कमी आहेत असं मी म्हणणार नाही. माझ्या नखांना मात्र मार्रादीचे सोपे गेले.) चेस्टनट भरलेले तोर्तेल्ली (सारण भरलेला पास्ता), चेस्टनटचा केक, मुरंबा, आणि कास्तान्याच्चो: चेस्टनटचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, बेदाणे, पाइन नट्स, रोझमेरी. ना अंडं, ना गहू, साखरही नाही. जत्रा नवरात्रात आली तर उपवासाला चालेल का, यावर आमच्या गटात बराच काथ्याकूट झाला. रोझमेरीवर एकमत झालं नाही.

कास्तान्याच्चोबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, ती दोन्ही गावांना लागू आहे. चेस्टनट पिठासाठी वाळवायचे म्हणजे दगडी खोपटात मंद विस्तवावर महिनाभर किंवा त्याहून जास्त. म्हणजे ऑक्टोबरच्या जत्रेत नव्या हंगामाचं पीठ असूच शकत नाही. तिथे खाल ते गेल्या वर्षीच्या पिठाचं. खायला काही हरकत नाही, पण किलोभर बांधून आणू नका. ताजं पीठ घ्यायचं तर डिसेंबर उजाडू द्या. कच्चे चेस्टनट मात्र जरूर आणा. पाण्यात भिजवून टिकाऊ केलेले आहेत का, हे विकणाऱ्याला विचारा. ही रीत जुनी आहे आणि पूर्वापार नऊ दिवस भिजवतात. नसतील तर घरी आल्यावर पाण्यात टाका, तरंगतील ते बहुतेक किडके.

तुमच्याकडे गाडी असेल आणि चालवणारा दारू न पिणारा असेल, तर सोरियानो बघाच. रात्रीपर्यंत थांबलात तर कदाचित तुम्ही माझ्या उलट मत द्याल. रोममध्येच उतरला असाल तरीही तेच जवळ. रेल्वेने फिरणार असाल, बरोबर आई-वडील असतील किंवा चेस्टनट हेच कारण असेल, तर मी मार्रादी म्हणेन. त्यातही मला महिन्याचा मधला रविवार बरा वाटतो: तोवर माल चांगला उतरलेला असतो. जत्रेत केकची रांग आधी धरा, भाजलेले चेस्टनट शेवटपर्यंत मिळतात. आणि परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा, संध्याकाळी स्टेशनवरच्या यंत्रापुढे अख्खी जत्रा उभी असते.