मोटरहोमच्या फ्रिजमध्ये ‘गॅस भरून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा

हे लिहायला मला दोन महिने लागले कारण लाज वाटत होती. बायको म्हणाली लिहू नकोस, लोक हसतील. हसू देत. पण आपल्यातले बरेच जण आता इथे अमेरिकेत जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घ्यायला लागलेत, सेकंडहँड, पंधरा-वीस वर्षं जुनी, आणि त्या सगळ्यांचा फ्रिज आज ना उद्या जाणार आहे. तेव्हा माझे 2,170 डॉलर गेले ते गेले, तुमचे जाऊ नयेत.

आमची गाडी 2006 ची. ऑक्टोबर 2022 मध्ये 31,500 ला घेतली, डॅलसच्या उत्तरेला राहतो, सोसायटीवाले म्हणजे एचओए दारात उभी करू देत नाही म्हणून सात मैलांवरच्या स्टोरेज यार्डात ठेवतो. हे सांगतोय कारण फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या माणसाला याचाच फायदा झाला. फ्रिज मूळचाच, म्हणजे अठरा वर्षांचा. यंदा मार्चमध्ये तो थंडच करेना. आणि मे महिन्यात साताऱ्याहून आई-बाबा येणार होते, बाबांना पश्चिम टेक्ससमधल्या डेव्हिस माउंटन्सला नेऊन मॅकडोनाल्ड वेधशाळेतली स्टार पार्टी, म्हणजे रात्री दुर्बिणीतून आकाश दाखवण्याचा कार्यक्रम, दाखवायची हे मी त्यांना तीन वर्षं सांगत होतो. आईला डायबेटिस, इन्सुलिन बरोबर असतं. म्हणजे फ्रिज चैनीसाठी नको होता.

डीलरकडे फोन केले. एकाने सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली, दुसरा म्हणाला दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आम्ही घेतच नाही. मग ऑनलाइन एक मोबाइल टेक्निशियन मिळाला, गाडी असेल तिथे येतो, रिव्ह्यू चांगले, साडेचार स्टार. येण्याचे 145.

आला, चांगला पन्नाशीचा माणूस, सर सर करून बोलणारा. बाहेरच्या बाजूने फ्रिजच्या मागची जाळी काढली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, गॅस कमी झालाय, भरून देतो, 385.

इथेच थांबायला हवं होतं मी. पण आपण लहानपणापासून हेच ऐकत आलोय ना! साताऱ्याला आमच्या घरचा फ्रिज बिघडला की मेकॅनिक यायचा, सिलिंडर घेऊन, ‘काका गॅस गेलाय, भरावा लागेल’, आणि भरला की फ्रिज चालायचा. एसीचं तेच, गाडीच्या एसीचं तेच. त्यामुळे ‘गॅस भरतो’ हे शब्द माझ्या कानाला इतके ओळखीचे की पुढचा प्रश्न सुचलाच नाही. आणि हा फ्रिज तो फ्रिजच नाही. याला कॉम्प्रेसर नसतो. प्रोपेनच्या ज्योतीने किंवा विजेच्या हीटरने मागचा बॉयलर तापतो, त्यातला अमोनिया पाण्यातून सुटून वर जातो, हायड्रोजनच्या सोबतीने बाष्प होतो आणि थंडावा देतो, मग परत पाण्यात मिसळतो. सगळं वेल्ड केलेल्या बंद लोखंडी नळ्यांमध्ये. 1922 सालची युक्ती आहे, स्वीडनमधल्या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी काढलेली. त्या नळ्यांना गॅस भरायला बाहेरून व्हॉल्वच दिलेला नसतो. गळला की मागचं अख्खं कूलिंग युनिट बदलायचं नाहीतर फ्रिज बदलायचा. पार्किंगमध्ये उभं राहून यात गॅस भरतो असं कोणी म्हणालं की तो खोटं बोलतोय, विषय संपला.

मी इंजिनिअर आहे. अठरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये. मॅन्युअल गाडीच्या ड्रॉवरमध्ये होतं. वाचलं नाही.

आणि डोळ्यासमोर खुणाही होत्या. जाळी काढल्यावर नळ्यांच्या खालच्या भागावर पिवळी पूड दिसत होती, हळद सांडावी तशी. आणि वास, केसांच्या डायला येतो ना नाकात चढणारा, तसा. मी विचारलं हे पिवळं काय? तो म्हणाला पोलन, म्हणजे परागकण. आता मार्च-एप्रिलमध्ये टेक्ससमध्ये ओकच्या झाडांचं पोलन गाड्यांवर, बाकांवर, सगळीकडे पिवळं पसरलेलं असतं, त्या दिवशी माझ्या कारवरही होतं. पटलं मला. त्याने ओल्या फडक्याने पुसूनही टाकलं. ती पूड सोडियम क्रोमेटची असते, नळ्या आतून गंजू नयेत म्हणून घालतात, आणि ती बाहेर दिसली म्हणजे युनिट फुटलंय, याहून स्पष्ट पुरावा नाही. विषारी असते, उघड्या हाताने पुसू नका. असा फ्रिज दिसला की तो बंद करा आणि प्रोपेनही बंद करा, कारण गळणाऱ्या युनिटमुळे आगी लागलेल्या आहेत, रिकॉल झालेले आहेत, म्हणजे कंपन्यांनी दोष मान्य करून फ्रिज दुरुस्तीला बोलावलेत. तुमच्या फ्रिजची कंपनी आणि मॉडेल एनएचटीएसए, म्हणजे अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या साइटवर रिकॉलसाठी तपासा, फुकट आहे.

385 दिले. दोन दिवसांनी फ्रिजमध्ये 56 डिग्री फॅरेनहाइट. फोन केला तर म्हणाला, सर, मग युनिटच गेलंय, नवीन टाकावं लागेल, 1,640, आधीचे 385 त्यात अॅडजस्ट करतो. (केले नाहीत. बिल द्यायच्या वेळी म्हणाला फोम आणि पेस्टचे पैसे त्यात गेले.) क्रेडिट कार्डने देतो म्हणालो तर 4 टक्के जास्त, म्हणजे 65 डॉलर 60 सेंट. ते वाचवायला मी फोनवरून बँकेतून थेट पाठवले, 820 आधी, 820 काम झाल्यावर. 65 डॉलर 60 सेंटसाठी! कार्ड असतं तर आज मी डिस्प्यूट टाकून पैसे परत मागू शकलो असतो. ज्या नावावर पैसे गेले ते नाव बिलावरच्या नावापेक्षा वेगळं होतं, विचारलं तर म्हणाला बायकोचा अकाउंट. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं. पण तारखा ठरल्या होत्या, आई-बाबा विमानात बसले होते, आणि पार्ट येतोय येतोय करत त्याने काम बरोबर आमच्या निघायच्या आदल्या दिवसापर्यंत लांबवलं. कशासाठी, ते मला आता कळतंय.

गुरुवारी काम. मला ऑफिसचे कॉल होते म्हणून यार्डचा गेट कोड दिला, किल्ली दिली. पाच तासांनी त्याचा फोन, झालं. मी गेलो. मागची जाळी काढून दाखवली, आत काळंभोर चकचकीत नवीन युनिट. फ्रिज उघडून थर्मामीटर दाखवला, फ्रीझर 4, खाली 34. म्हणाला रात्री दहापर्यंत दार उघडू नका. 820 तिथेच उभ्या उभ्या पाठवले.

आता ऐका. कूलिंग युनिट बदलायचं म्हणजे फ्रिज त्याच्या खणातून पूर्ण बाहेर ओढावा लागतो, पुढचे स्क्रू काढून, मागच्या गॅसच्या आणि विजेच्या जोडण्या सोडवून, आडवा पाडून, जुनं युनिट उपसून काढायचं, नवीन बसवायचं. आमच्या फ्रिजच्या चौकटीवर बायकोने सामानाची यादी निळ्या टेपने चिकटवली होती. अर्धी टेप फ्रिजच्या चौकटीवर, अर्धी शेजारच्या कपाटाच्या लाकडावर. कोथिंबीर, दही, मिरच्या, आईंच्या गोळ्या. मी त्या संध्याकाळी गाडीत शिरलो आणि ती यादी मला जशीच्या तशी दिसली. टेपला एक सुरकुतीसुद्धा नाही. आणि मी मनात काय म्हणालो, तर किती काळजीने काम करतो हा माणूस. मी ती टेप बघितली, मी स्वतः बघितली, आणि हे म्हणालो. रोज रात्री झोपताना मला ती टेप दिसते. फ्रिज एक इंच जरी हलला असता तरी ती फाटली असती.

रात्री दहाला सामान भरलं, पहाटे पाचला निघालो, 480 मैल. वाटेत आईने इन्सुलिनची पेन काढली तर पाचही गोठलेली. मला वाटलं नवीन युनिट आहे, जास्तच थंड करतंय, म्हणून सेटिंग 5 वरून 3 वर आणलं. गोठलेलं इन्सुलिन परत वापरता येत नाही, फेकावं लागतं. संध्याकाळी कॅम्पग्राउंडला पोचलो तर फ्रिजमध्ये 51. दुसऱ्या दिवशी सकाळी 63. दूध नासलं, श्रीखंड गेलं, ते जाऊ दे. आईसाठी वाटेतल्या गावात डॉक्टर शोधून प्रिस्क्रिप्शन घेतलं, त्याचे आणि इन्सुलिनचे मिळून 210. ती माउली म्हणत होती माझ्यामुळे तुम्हाला त्रास. तिचं ते वाक्य त्या माणसाच्या हिशोबात कुठे धरायचं?

त्याला फोन केला. पहिल्यांदा उचलला. म्हणाला गाडी लेव्हल नसेल, आणि तिथे पाच हजार फूट उंची आहे, प्रोपेनवर नीट जळत नाही, खाली आल्यावर बघू. यातली दोन्ही कारणं अर्धी खरी आहेत, गाडी तिरपी असली तर हे फ्रिज चालत नाहीत आणि खूप उंचीवर ज्योत कुरकुर करते हे खरं आहे, म्हणून तर माणूस गप्प बसतो. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

तिथले कॅम्प होस्ट, म्हणजे कॅम्पग्राउंडची देखरेख करणारे, सत्तरीचे गृहस्थ, स्वतः वर्षभर मोटरहोममध्ये राहणारे. त्यांनी जाळी काढली, खिशातलं नाणं घेतलं आणि त्या चकचकीत काळ्या नळीवर घासलं. रंगाचा पापुद्रा निघाला. खाली गंज आणि गंजाच्या कडेला पिवळं. काळा स्प्रे पेंट मारला होता, बस. सिरियल नंबरचं स्टिकर खरवडून काढलेलं. मग आत येऊन त्यांनी भाजीचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला, त्याच्या मागे ब्राऊन पेपरचा कागद, कोरडा. ड्राय आइस गुंडाळून देतात तो. ड्राय आइसचं पाणी होत नाही, हवेत उडून जातो, मागे फक्त कागद राहतो. त्या ड्राय आइसनेच आईचं इन्सुलिन गोठवलं. आणि त्याचा होतो कार्बन डायऑक्साइड, बंद गाडीत, चार माणसं आणि माझी मुलगी. आणि गळकं युनिट आम्ही रात्रभर प्रोपेनवर चालवत त्याच्यापासून सहा फुटांवर झोपलो होतो. पैशांपेक्षा मला याचा राग आहे.

आता पुढचं. परत आल्यावर पोलिसांकडे गेलो. पाऊण तास बसवलं. फोटो, बिल, मेसेज, रंगाचा पापुद्रा पुडीत बांधून नेला होता. ऑफिसर म्हणाला ही सिव्हिल मॅटर आहे, म्हणजे दिवाणी, गुन्हा नाही, माणूस आला, काम केलं, तुम्हाला काम आवडलं नाही. आवडलं नाही? मी म्हटलं काम केलंच नाही, रंग मारलाय! तो म्हणाला तेही कामच आहे, कोर्टात जा. यार्डच्या ऑफिसात कॅमेऱ्याचं फुटेज होतं, पाच तास तो काय करत होता ते सगळं त्यात असणार, यार्डवाले म्हणाले फक्त पोलिसांना देऊ. पोलिसांना सांगितलं मागवा. केसच नाही तर मागवायचं कसं. तीस दिवसांनी फुटेज पुसलं गेलं. माझ्या डोळ्यांदेखत पुरावा गेला आणि एकालाही एक ईमेल लिहावासा वाटला नाही.

बँक. 52 मिनिटं होल्डवर, मग तीन माणसांना तीच गोष्ट पहिल्यापासून. नऊ दिवसांनी पत्र, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, क्लेम नामंजूर. म्हणजे चोराने माझा फोन हिसकावून पाठवले असते तर परत मिळाले असते, पण फसवून माझ्याच अंगठ्याने पाठवायला लावले म्हणून नाही. जो अकाउंट आहे तो कोणाचा, एवढं तरी सांगा म्हटलं, तर प्रायव्हसी. त्याची प्रायव्हसी!

राज्याच्या ग्राहक तक्रार विभागाकडे ऑनलाइन फॉर्म भरला, सव्वीस पानं जोडली. सहा आठवड्यांनी उत्तर की आम्ही वैयक्तिक केस लढवत नाही, तक्रार त्या व्यवसायाला पाठवली आहे. बिलावरच्या पत्त्यावर. मी त्या पत्त्यावर आधीच जाऊन आलो होतो, तिथे भाड्याने पोस्टबॉक्स देणारं दुकान आहे, हे फॉर्ममध्ये लिहिलं होतं, फोटोसकट. कोणी वाचलं नाही. जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, 20,000 पर्यंतचा दावा वकिलाशिवाय टाकता येतो, फी 54, पण समन्स बजावायला माणसाचा पत्ता लागतो, पत्ता बँकेकडे आहे, बँक पोलिसांना देईल, पोलीस म्हणतात सिव्हिल. चार महिने मी या गोल चकरा मारतोय. टॅक्स एक दिवस उशिरा भरला तर या सगळ्यांना माझा पत्ता बरोबर सापडतो.

तुम्ही हे करा. कामाआधी जुन्या युनिटच्या सिरियल नंबरचा फोटो काढा, आणि नवीनच्या खोक्याचाही. जुनं युनिट परत द्यावं लागतं असं म्हणाला तरी आधी स्वतः बघा. फ्रिजच्या पुढच्या स्क्रूवर मार्करने रेघ मारून ठेवा. काम चालू असताना तिथे थांबा, सुट्टी घ्या, मी नाही घेतली. नवीन युनिट टाकल्यावर हे फ्रिज थंड व्हायला बारा ते चोवीस तास घेतात, पाच तासांत कोणी 34 दाखवलं तर ड्रॉवरच्या मागे हात घाला. आणि पैसे कार्डनेच, टक्के लागले तर लागू देत.

जुना फ्रिज शेवटी काढलाच, मंडळातल्या एका मित्राने आणि मी, अर्धा दिवस लागला, गाडीच्या दारातून अर्ध्या इंचाने निघाला. त्या जागी 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला घेतला, 1,389 डॉलर आणि एक जादा बॅटरी. लेव्हलची कटकट नाही, ज्योत नाही, तीन तासांत 37. अठरा वर्षांच्या फ्रिजवर 1,640 घालायची मुळात गरजच नव्हती, पण हे सांगणारं तेव्हा कोणी भेटलं नाही.

बाबांची स्टार पार्टी झाली. त्यांनी शनीची कडी बघितली असती, पण त्या दिवसांत शनी पहाटे उगवत होता, त्यामुळे नाही दिसली, दुसरं बरंच दिसलं. आई गाडीतच बसून होती, इन्सुलिनचा डबा बर्फाच्या पिशवीत घालून मांडीवर धरून.

गेल्या आठवड्यात परत त्याची जाहिरात दिसली. व्यवसायाचं नाव नवीन, फोन नंबर नवीन, पण फोटो तोच, त्याच्या पिकअपचा, डाव्या दिव्याजवळचा पोचा मला पाठ आहे. खाली लिहिलंय, आरव्ही (म्हणजे मोटरहोम) फ्रिज गॅस रिचार्ज, 425 डॉलर. मी स्क्रीनशॉट काढून तिन्ही ठिकाणी पाठवला, जुन्या केस नंबरसकट. आज अकरावा दिवस.