नावनोंदणीचा फॉर्म आणि फायरफॉक्सचा इन्स्पेक्टर

आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर, नव्या पुस्तकांची यादी दरमहा ई-मेलने मागवता यावी म्हणून एक छोटा फॉर्म आहे: नाव, ई-मेल आणि एक बटण. ई-मेल पाठवणाऱ्या सेवेकडून मिळालेला तयार कोड मी वर्डप्रेसच्या पानात चिकटवला तेव्हा फॉर्म चालू लागला खरा. पण चौकट इतकी बुटकी होती की तिच्यातल्या ‘पूर्ण नाव’ या शब्दांचा दीर्घ उकार खालून आणि रफार वरून छाटला जाऊन तिथे ‘पण नाव’ असे दिसत होते. सभासदांच्या शुद्धलेखनावर अधूनमधून टिप्पणी करणाऱ्या वाचनालयाला हे शोभणारे नव्हते. कोडिंगमधले माझे ज्ञान एवढेच, की मजकूर एचटीएमएलमध्ये असतो आणि रंग, आकार, अंतरे सीएसएसमध्ये. तेवढ्या भांडवलावर हा फॉर्म दुरुस्त करताना जे साधन सर्वांत उपयोगी पडले, त्या फायरफॉक्स ब्राउझरमधल्या ‘इन्स्पेक्टर’विषयी हे परीक्षण आहे.

हे साधन वेगळे उतरवून घ्यावे लागत नाही आणि त्याला पैसेही पडत नाहीत. संगणकावर फायरफॉक्समध्ये पान उघडायचे, हव्या त्या चौकटीवर उजवे बटण दाबायचे आणि ‘इन्स्पेक्ट’ निवडायचे, की त्या चौकटीचा एचटीएमएल आणि तिला लागू असलेले सीएसएसचे सगळे नियम समोर येतात. २००६ साली आलेल्या ‘फायरबग’ या जोडसाधनाने ही पद्धत रुळवली. २०१७मध्ये ते बंद झाले तोवर तशी साधने ब्राउझरच्या अंगातच आलेली होती.

माझी मुख्य अडचण अशी होती, की वर्डप्रेसच्या ‘अ‍ॅडिशनल सीएसएस’मध्ये मी चौकटीची उंची वाढवणारा नियम लिहिला होता आणि त्याचा काडीचाही परिणाम होत नव्हता. स्पेलिंग तपासले, ब्राउझरने साठवलेली पानाची जुनी प्रत (कॅशे) पुसली, नियम दहा वेळा वरखाली केला. इन्स्पेक्टरने एका नजरेत दाखवले की माझा नियम पोहोचला आहे, पण त्यातल्या उंचीच्या ओळीवर आडवी रेघ मारलेली आहे आणि तिच्या वर सेवेकडून आलेली दुसरी ओळ बसली आहे, जिची सुरुवात फॉर्मच्या आयडीने, म्हणजे पानावरच्या त्या एकाच घटकाला दिलेल्या नावाने होते. सीएसएसमध्ये आयडीचा मान क्लासपेक्षा, म्हणजे अनेक घटकांना मिळून देता येणाऱ्या नावापेक्षा, मोठा असतो. क्लास कितीही जोडले तरी एका आयडीपुढे त्यांचे चालत नाही. प्रुफे तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला खोडलेली ओळ वाचायला शिकवावे लागत नाही. माझ्या नियमाच्या आधी तोच आयडी लिहिला आणि रेघ सेवेच्या ओळीवर गेली. अशा वेळी नियमाला इतरांवर वरचढ करणारा ‘इम्पॉर्टंट’ हा शब्द जोडून काम भागवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. एका रंगासाठी मीही एकदा तो मानला होता, आणि पुढे तोच रंग दुसरीकडे बदलताना माझ्याच नियमाशी झगडत बसले.

उंची मोकळी झाल्यावर उकार परतला, रफार मात्र अजून काठाला घासत होता. इथे या साधनाची दुसरी खुबी कळली: आकड्यावर क्लिक करून वर-खालीचे बाण दाबले की तो एकेकाने बदलतो, ‘कंट्रोल’ धरून दाबले की दशांशाने, आणि पान त्याच क्षणी हलते. ओळीची उंची मी १.२पासून चढवत नेली आणि १.६ला थांबले, रोमन अक्षरांना पुरणारी उंची देवनागरीच्या मात्रा-वेलांट्यांना पुरत नाही, हे तेव्हा डोळ्यांदेखत घडताना पाहिले. पुढे लक्षात आले की बाकी पान मुंबईच्या ‘एक टाइप’च्या ‘मुक्ता’ टंकात असूनही चौकटीतली अक्षरे भलत्याच वळणाची आहेत. ‘फाँट्स’च्या खणात प्रत्यक्ष वापरलेल्या टंकाचे नाव मिळाले आणि कारणही उमगले: ब्राउझर फॉर्मच्या चौकटींना पानाचा टंक आपोआप देत नाही, स्वतःचा लहानसा टंक देतो. ‘फाँट’साठी ‘इनहेरिट’ असे लिहिताच घराणे एक झाले.

नवख्याच्या दृष्टीने सर्वांत सहृदय सोय मात्र वेगळीच आहे. लेबलांना सारखी रुंदी देण्याचा माझा प्रयत्न फुकट जात होता आणि ती ओळ खोडलेली नव्हती, नुसती फिकट झाली होती. शेजारच्या छोट्या ‘आय’च्या खुणेवर गेल्यावर खुलासा मिळाला, की हा घटक ओळीतल्या शब्दासारखा वाहणारा असल्याने रुंदी त्याला लागू होत नाही. २०१९च्या ७०व्या आवृत्तीपासून ही सोय आहे. रंगाच्या ठिपक्यावर क्लिक केले तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उठावाचे गुणोत्तरही दिसते. साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ हवे असते, आणि माझ्या आवडत्या झेंडूच्या रंगाच्या बटणावरची पांढरी अक्षरे अडीचच्याही खाली निघाली. आता बटण गर्द मरून आहे.

मर्यादा सांगायच्या तर, इथले बदल केवळ त्या उघड्या पानापुरते असतात. अर्ध्या तासाची मेहनत मी सवयीने ‘एफ ५’ दाबून, म्हणजे पान नव्याने उघडून, घालवली, तेव्हा ‘चेंजेस’ नावाच्या खणाचे महत्त्व समजले: तिथे काढलेल्या आणि घातलेल्या ओळी क्रमाने दिसतात आणि त्या उचलून ‘अ‍ॅडिशनल सीएसएस’मध्ये नेता येतात. ‘कंट्रोल-शिफ्ट-एम’ने पान मोबाइलच्या रुंदीत पाहता येते, पण ती फोनची नक्कल आहे. चौकटीतली अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असली तर आयफोनवर तिला स्पर्श करताच पान मोठे होते. हे इथे दिसणार नाही, त्यासाठी खरा फोनच हाती घ्यावा लागतो.

इन्स्पेक्टर सगळे दाखवतो, पण एखादी गोष्ट तिथे का आहे हे सांगत नाही. आमच्या फॉर्ममध्ये पानाच्या डाव्या काठापासून ५००० पिक्सेल दूर ढकललेली एक अदृश्य चौकट सापडली. कोणाचा तरी राहिलेला कचरा समजून मी ती चिकटवलेल्या कोडमधून काढून टाकली. नंतर कळले की तो आपोआप फॉर्म भरत सुटणाऱ्या यंत्रांसाठीचा सापळा असतो: माणसाला ती दिसत नाही म्हणून ती रिकामी राहते, आणि भरली गेली तर नोंदणी माणसाने केलेली नाही हे ओळखता येते. ती निमूटपणे परत घातली. अशा ‘का’साठी शेजारच्या टॅबमध्ये ‘एमडीएन’ या एचटीएमएल-सीएसएसची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाची विनामूल्य संदर्भपाने उघडी ठेवावीत, ती इंग्रजीत आहेत, परंतु भाषा सरळ आहे.

आमच्या फॉर्ममध्ये आता ‘पूर्ण नाव’ पूर्ण दिसते. राहिली आहे ती चुकीचा ई-मेल भरल्यावर उमटणारी लाल सूचना. तिचा रंग आणि आकार मी बदलू शकले, पण शब्द इंग्रजीच आहेत, कारण ते सीएसएसमधून येत नाहीत. आणि ती उमटवून पाहण्यासाठी दर वेळी खोटा पत्ता टंकावा लागतो.